बकुळाचा बुटका कट्टा

अंजूरच्या बकुळाचं म्हणणं एवढंच होतं, की घरातला उजेड घरातल्या माणसांना मिळावा, सोफ्याला नको. आता यात भांडण्यासारखं काय आहे? पण गावात, त्यातून भावकीत, भांडायचंच ठरवलं तर ताकाच्या तांब्यावरूनही भांडता येतं. बकुळाचं म्हणणं तर पार गणपतीपर्यंत जाऊन पोचलं.

मूळ चूक सगळ्यांनी मिळून केली होती. बकुळाचा हातही तिच्यात होताच. पूर्वी घर कौलारू होतं. रांधायची खोली मागं, तिला मागचं दार, दाराबाहेर भाताची खाचरं आणि त्यांच्यावरून येणारा खाडीचा वारा. पुढं भिवंडीभोवतीच्या गावांत गोदामांचं पीक आलं. तेव्हा काळूरामनं, म्हणजे बकुळाच्या नवऱ्यानं, मागचं शेत गोदामवाल्याला देऊन टाकलं आणि त्या पैशात हे पक्कं घर बांधलं. घर कसलं, दोन खोल्या आणि मोरी. पण बांधताना सगळ्यांचा जीव अडकला होता ओटीत. ओटी म्हणजे पुढची खोली. ती ऐसपैस हवी. मुलाच्या हळदीला पाहुणे मावले पाहिजेत, गणपतीत भजनाला बैठक बसली पाहिजे. आलेला माणूस घर जोखतो ते ओटीवरून, रांधायची खोली कोण बघायला जातं? म्हणून उरलीसुरली जागा मागं चुलीला दिली. बकुळाही तेव्हा हौसेनं म्हणाली होती, ‘ओटी मोठी घ्या बरं का, आपल्याकडं गणपती बसतो.’

घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली, आणि मग मागं गोदामाची पत्र्याची भिंत वर चढायला लागली. ती चढली ती थेट खिडकीला खेटून. मागचं दार उघडेना, म्हणून ते विटांनी बुजवून टाकलं. खिडकी उघडली की हाताला पत्रा लागायचा. शेत विकताना कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, की त्याच्याबरोबर उजेडही विकला जातोय.

तेव्हापासून बकुळाच्या रांधायच्या खोलीत भर दुपारी बल्ब लावावा लागायचा. आणि रांधणं म्हणजे काही चार माणसांची डाळ नव्हे. बकुळाच्या तांदळाच्या भाकरीला राहनाळच्या गोदामांत मान होता. पांढरीशुभ्र, पातळ, कडा न चिरलेली. मुलगा कुणाल तिथंच ड्युटीला. त्यानं एकदा डबा उघडला आणि शेजारच्या हमालानं वास घेतला, तिथून हा धंदा सुरू झाला. आता रोज सकाळी टोपलंभर भाकऱ्या जायच्या, बरोबर सुकटीची चटणी. सासू थापायची, सून निशा भाजायची. दोघींचे घामानं डबडबलेले चेहरे बल्बखाली पिवळे दिसायचे.

एका सकाळी वीज गेली. भिवंडीत वीज जाणं यात नवल नाही, पण तवा तापलेला आणि भाकरी हातात. बकुळानं अंदाजानं भाकरी टाकली ती तव्याच्या काठावर, आणि तिच्यामागोमाग तळवाही. निशानं तिला धरून ओटीवर आणलं, हातावर पाणी धरलं. बकुळा दातांवर दात दाबून भिंतीला टेकून बसली, आणि तिची नजर समोर गेली.

समोरच्या खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. वारा येत होता. आणि त्या उन्हात, त्या वाऱ्यात, प्लॅस्टिकचं आवरण अजूनही न काढलेला तपकिरी सोफा आरामात बसला होता. कुणी पाहुणा नाही, हळद नाही, भजन नाही. वर्षातले दोन-चार दिवस सोडले तर त्या खोलीत कुणी बसतही नव्हतं. रात्री मात्र सगळे सोफ्याला अंग चोरत तिच्यातच झोपायचे.

“याला बघ,” ती निशाला म्हणाली, “हा जन्मात कवा भाकरी थापनार हाय का? मग याला कनाला पायजे उजेड?”

निशाला वाटलं, सासूबाईंना हाताची आग सहन होत नाहीये, म्हणून त्या असं बडबडतायत. पण तळव्यावरचा फोड बसायच्या आत बकुळाचा बेत पक्का झाला होता. घर फिरवायचं. रांधायची जागा पुढं, खिडकीपाशी. बसायची-झोपायची जागा मागं. झोपायला अंधार लागतो आणि टीव्हीलाही उजेड लागत नाही. मधली भिंत पाडायची. एवढं साधं.

काळूरामला तिनं जेवताना सांगितलं. काळूराम स्वभावानं देवमाणूस, पण तोंड उघडायचा ते घास घ्यायला. तो म्हणाला, “लोक काय बोलतील?”

“लोकांना मी भाकरी घालते, तवा बोलत न्हाईत.”

त्यावर काळूरामनं दुसरी भाकरी मागितली. बकुळानं तो होकार समजला.

आता शहरातली माणसं घराचे नकाशे काढून घेतात म्हणे. बकुळानं तांदळाचं पीठ घेतलं. ओटीच्या लादीवर चिमटीनं पांढऱ्या रेषा ओढल्या. ही खिडकीखालची शेगडी, हा भांड्यांचा कट्टा, इथं तो कोपऱ्यात वळून दाराकडं येणार, इथून आत जायची वाट. मग तिनं घरात फर्मान काढलं, की या रेषा भिंतीच आहेत असं समजून वागायचं. सकाळी परात घेऊन ती एका जागी बसायची, दुपारी दुसऱ्या. ऊन कुठून कुठं सरकतं, तोंडावर येतं की हातावर, हे सगळं तिनं बसून, उठून, वाकून पाहिलं. पीठ पुसलं गेलं की पुन्हा ओढायची. भाकरीवाल्या बाईला पिठाची काय कमी!

अशाच एका संध्याकाळी धाकटा दीर केसरीनाथ आला. त्याचं दुमजली घर दोन गल्ल्या सोडून. बोलायला करारी, मनानं वाईट नाही. बकुळा लग्न होऊन आली तेव्हा तो शाळकरी पोर होता आणि तिच्या हातच्या भाकरीवर वाढला होता. तो सवयीनं तडक सोफ्याकडं निघाला.

“भावजी, भिंतीतून आलात तुमी,” बकुळा म्हणाली. “मागं जा नि दारातून या.”

केसरीनाथनं पायाखाली पाहिलं. मग सगळा बेत ऐकला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा लांबत गेला.

“वयनी, ओटीवर चूल? दारातून पाय टाकला का पयली सुकट दिसनार?”

“आधी वास येतो, मग दिसते. ते आताबी हायच.”

“हसन्यावारी नेऊ नका. गनपती कुटं बसनार?”

हाच खरा काटा होता. दोन्ही भावांत मिळून गणपती एकच, आणि तो थोरल्याच्या ओटीवर बसायचा. हा मान सासऱ्यांच्या आधीपासूनचा. केसरीनाथची ओटी आता संगमरवरी होती आणि देवाला आपल्याकडं नेण्याची इच्छा त्याच्या मनात कधीची होती. त्यानं ती कधी बोलून दाखवली नव्हती, कारण निमित्त नव्हतं. निमित्त आता बकुळानं पिठानं काढून ठेवलं होतं.

“मागच्या भिंतीला बसेल,” ती म्हणाली. “दाराकडं तोंड करून.”

“म्हंजे देव चुलीवरून जानार.”

“चुलीच्या बाजूनं.”

केसरीनाथनं थोरल्या भावाकडं पाहिलं. काळूराम पंख्याकडं पाहत होता. तेव्हा केसरीनाथ उठला आणि म्हणाला, “ठीक हाय. यंदाचं साल बघू. देव सुखरूप आत आला, सुखरूप बसला, तर बसला. पन येताना कुटं अडला, काय खोट निघाली, तर पुढल्या सालापासून गनपती माझ्या ओटीवर. मग कोन रडायचं न्हाय.”

“न्हाय रडनार,” बकुळा म्हणाली.

म्हणाली खरी, पण तो गेल्यावर पिठाच्या रेषेशी बसून राहिली. त्या देवासाठी तिनं आजवर किती मोदक वळले असतील याला गणती नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिनं त्याची आरती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. आरती ओटीवर, बकुळा मागं वाफेत. आवाजावरून तिला कळायचं, आता शेवटचं कडवं आलं, आता कापूर लागला, आता नैवेद्याचं ताट मागतील. सगळे प्रसाद घेऊन पांगले, की ती हात पुसत पुढं यायची आणि एकटीच देवासमोर उभी राहायची. तो देव घरातून जावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण त्याच्या भीतीनं पुन्हा त्या पत्र्याच्या काळोखात जाऊन बसायचं, हेही तिला मंजूर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री उत्तरेकडचा, भिवंडीत केस पांढरे झालेला. मधली भिंत पाडायला त्याला अर्धा दिवस लागला. वर बीम होता, बाजूला त्याचा खांब, छताला काही धोका नव्हता. भिंत पडली आणि मागच्या खोलीत पहिल्यांदाच पुढचा उजेड शिरला. त्या उजेडात धुराचे थर, कोळिष्टकं, तेलकट भिंती असं काही दिसलं, की निशा म्हणाली, “आई, आपण इथं जेवण बनवत होतो?” बकुळानं चुन्याची बादली पुढं सरकवली.

मोरीचं पाणी पुढं काढायचं तर उतार मिळेना. मिस्त्री म्हणाला, नाही होणार. बकुळा म्हणाली, लादी उचल. लादी उचलली, पाइप खाली बसवला, पाणी वाहिलं. धुळीनं अख्खं घर खोकत होतं, शेगडी अंगणात ताडपत्रीखाली मांडली होती, पण राहनाळला भाकरीचं टोपलं एक दिवस चुकलं नाही. येणारीजाणारी गल्ली थांबून विचारायची, “बकुळे, ओटी कुटं गेली गो?” ही म्हणायची, “मागं. जरा पडलीय.”

मग कट्टा झाला. मिस्त्रीनं काळा कडप्पा बसवला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि कौतुकाच्या अपेक्षेनं बाजूला उभा राहिला. बकुळानं परात ठेवली, पिठाचा गोळा घेतला, थापायला हात उचलला आणि खांदा कानाला लागला. तांदळाची भाकरी बोटांनी थापत नाहीत, अंगाच्या भारानं थापतात. त्यासाठी परात बेंबीच्या खाली हवी. हा कट्टा जवळजवळ तिच्या छातीशी आला होता, आणि बकुळा काही उंच नव्हे.

“तोड आनि खाली घे,” ती म्हणाली.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “भाभी, किचन का कट्टा सबके घर में इतनाच रहता है. छोटा करेंगे तो लोग हसेंगे, बाद में मेरेको मत बोलना.”

“सबके घर में भाकरी मैं नहीं थापती,” बकुळा म्हणाली. “खिडकीखालचा राहू दे. ये दरवाजे की तरफ वाला पूरा नीचे.”

दाराकडचा भाग खाली आला, तो पार गुडघ्याच्या वर वीतभर. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. केसरीनाथ दारातूनच म्हणाला, “हा कट्टा का बालवाडीचा बाक?” काळूराम बिचारा येता-जाता त्याच्यावर बसायचा आणि ओरडा खायचा. पण दुसऱ्या सकाळी बकुळानं खिडकीतून येणाऱ्या उन्हात पहिली भाकरी थापली. भाकरी तिच्या हाताखाली चंद्रासारखी गोल फिरत गेली, कडेची एकूण एक रेघ तिला दिसत होती. निशा तव्यापाशी उभी होती, तिच्या केसांवर वारा होता. बकुळाला हसू आवरेना. हसे ना का गाव, असं तिला मनापासून वाटलं.

गणपतीचा दिवस उजाडला. मागच्या भिंतीला मखर सजलं, तोरणं लागली. घरात आठवडाभर आधीच मासळी बंद, नवी भांडी, कट्टा लख्ख पुसलेला. बकुळानं पहाटेच न्हाऊन मोदकांची उकड काढली होती. कारखान्यातून मूर्ती आणायचा मान दरवर्षी केसरीनाथचा. तो टोपी घालून, पाटावर मूर्ती घेऊन, बँजोच्या मागोमाग दारात आला. मूर्तीच्या तोंडावर रेशमी रुमाल. बकुळानं त्याच्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, देवाला ओवाळलं आणि उकडीकडं बघायला झटकन कट्ट्याच्या आत गेली. केसरीनाथनं उंबरठा ओलांडला. मागून काळूराम, कुणाल, भावकीतले पुरुष, सगळे दाटीवाटीनं आत.

आणि केसरीनाथ थांबला.

कट्ट्याचा कोपरा आणि समोरचा खांब यांच्यामधून आत जायची वाट होती. माणूस सहज जायचा, पाण्याचा हंडा घेऊनही जायचा. पण दोन्ही हातांत पाट धरलेला माणूस म्हणजे दोन कोपरं बाहेर, अंग चोरायला वाव नाही. केसरीनाथचं एक कोपर खांबाला लागलं, दुसऱ्या बाजूची मांडी कट्ट्याच्या कोपऱ्याला, आणि पाट मधोमध अडकला. बकुळानं सगळं जोखलं होतं, ऊन जोखलं, वारा जोखला, परातीची उंची जोखली. पण पिठाच्या रेषेला कोपर लागत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मूर्ती आडवी करता येईना, सोंड नाजूक. डोक्यावर उचलावी तर वर पंखा. बँजो थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, “जरा मागं घ्या.” लगेच दुसरा म्हणाला, “येडा जाला काय! उंबऱ्याच्या आत आलेला देव माघारी न्यायचा?” मागचं दार तर कधीच विटांत गेलेलं. केसरीनाथच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानं मान वळवून बकुळाकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो म्हणाला, “वयनी, अडला.”

गेला, बकुळाला वाटलं, गेला देव. सगळ्यांच्या देखत, माझ्याच कट्ट्यानं अडवला. क्षणभर तिला रडूच येणार होतं. पण न रडायचं ती कबूल करून बसली होती. तिनं हातातली उकडीची परात मागं सारली, ओल्या फडक्यानं कट्टा पुसला, वर स्वतःच्या खांद्यावरचा नवा टॉवेल अंथरला.

“कट्ट्यावर टेकवा,” ती म्हणाली.

“भाकरीच्या कट्ट्यावर?”

“हां. भाकरीच्याच. त्याला काय भूक न्हाय लागत?”

दुसरा इलाज नव्हता. केसरीनाथनं नुसते हात डावीकडं नेले आणि पाट सावकाश खाली आला. कट्टा नेहमीसारखा उंच असता, तर तेवढी मूर्ती तशा अडकलेल्या कोपरानं वर उचलता आली नसती. तो बालवाडीचा बाक होता म्हणून देव त्याच्यावर अलगद टेकला. सगळ्यांनी श्वास सोडला. पण पाट अर्धा अधांतरी होता आणि केसरीनाथला हात काढता येईना.

“पलीकडून धरा कुनीतरी!” तो ओरडला.

पलीकडं म्हणजे चुलीच्या बाजूला. पुरुष सगळे त्याच्या पाठीमागं दारात कोंबलेले. पलीकडं एकटी बकुळा.

या घरात देव बाईनं उचललेला कुणी पाहिला नव्हता. तसा काही लिहिलेला नियम नव्हता, पण उचलला नव्हता खरा. केसरीनाथ तिच्याकडं बघत राहिला. मखरापाशी समई लावणारी निशा म्हणाली, “आई, घ्या ना तुम्ही.”

बकुळानं पदर खोचला. गुडघे किंचित वाकवून, परात धरावी तसे तिनं दोन्ही हात पाटाखाली घातले, पाट छातीशी ओढला. शाडूचं वजन तिच्या मनगटांत उतरलं.

“सोडा भावजी,” ती म्हणाली. “धरलाय मी.”

केसरीनाथनं हात सोडले.

ती वळली. मध्ये आता भिंत नव्हती. कट्ट्यापासून मखरापर्यंत ती एकेक पाऊल टाकत गेली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मखरात पाट टेकवून तिनं तोंडावरचा रुमाल काढला, तेव्हा समोरच्या खिडकीतला उजेड सगळ्या घरावरून येऊन देवाच्या चेहऱ्यावर पडला. पुरुष मंडळी खांबाशेजारून एकेक करून मोकळ्या हातांनी आत आली. आरती सुरू झाली. मोदकांखालचा जाळ निशानं बंद केला होता. बकुळा मखराला लागून उभी होती, आणि पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत तिनं आरती पाहिली.

मोदक खाऊन झाल्यावर केसरीनाथ उठला. तो कट्ट्याच्या कोपऱ्यापाशी गेला, खांबापर्यंत हात लावून त्यानं वाट मोजली. बकुळाच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“दादा, मिस्त्रीला बोलवून हा कोपरा तासून घे,” तो भावाला म्हणाला. “पुढल्या साली देव असा अडायला नको.”

पुढल्या साली. म्हणजे इथंच. बकुळानं ऐकलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती म्हणणारच होती, की उद्याच बोलावते मिस्त्रीला. पण काळूरामनं हातातला मोदक खाली ठेवला.

“कोपरा तासायचा न्हाय,” तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

“पुढल्या सालीबी तिच्याच हातानं येऊ दे आत.”